नऊ सेकंदांची बारी

सत्त्याण्णव सालच्या जत्रेत घाटाचा राजा मीच होतो. हे मी अठ्ठावीस वर्षं सांगत आलो आहे, आणि यंदा पुराव्यानिशी सांगणार होतो!

आमचं गाव चाकणच्या कारखान्यांना खेटून आहे. शेतांवर शेड उभ्या राहिल्या, पण बैलगाड्यांचा घाट अजून शाबूत आहे. घाट म्हणजे चढाची सरळ वाट. खाली निशाण पडलं की गाडा सुटतो, वरच्या दगडाशी घड्याळ थांबतं. एका गाड्याची एक धाव म्हणजे बारी. ज्याची बारी सगळ्यांत कमी वेळात, तो त्या जत्रेचा राजा. सत्त्याण्णव साली घड्याळाने माझा आणि माझा मेहुणा दत्तोबा याचा वेळ अगदी सारखा दाखवला, तेरा सेकंद. घड्याळवाला चुकला, यावर आमचं दोघांचंही एकमत होतं. कोणाच्या बाजूने चुकला, एवढ्यावरच नव्हतं. तेव्हापासून एकही लग्न, एकही बारसं आम्ही त्या भांडणाशिवाय पार पडू दिलेलं नाही.

यंदा जत्रा कमिटीने देवळात सगळ्या राजांची नावं रंगवायला घेतली. सत्त्याण्णवची ओळ तेवढी कोरी राहिली. त्यातच चाकणच्या एका व्हिडिओवाल्याने दुकान बंद करताना जुन्या कॅसेटी कमिटीला देऊन टाकल्या आणि त्यांत आमच्या जत्रेची निघाली. कमिटीचा ज्ञानेश ती घेऊन माझ्याकडे आला. जत्रेत पडद्यावर दाखवायला हिची डिस्क करा, म्हणाला. जो कमी वेळात वर पोचलेला दिसेल त्याचं नाव पेंटर रविवारी लिहील.

मी चाळिशीत अक्षरं शिकलो. तेव्हापासून माझं नाव कुठं छापलेलं दिसलं की मी थांबून वाचतो. पण ते आजवर रेशनकार्ड आणि लाइटबिल यांच्यापुढे कधी गेलं नव्हतं. देवळाच्या भिंतीवर जायची ही एकच संधी होती.

सून विजयश्री एका कंपनीत क्वालिटीला आहे. तिने थेरगावहून दुरुस्तीवाल्याकडचा व्हीसीआर आणला, आपल्या लॅपटॉपला वायरने जोडला आणि उद्या मी शिफ्टवरून आले की करू, म्हणाली. पण मी वीस वर्षं कंपनीत वॉचमन होतो. सोळा कॅमेऱ्यांचे पडदे एकटा सांभाळायचो! एका कॅसेटीसाठी सुनेची वाट कशाला बघायची? बटण दाबलं. कॅसेट तीन तासांची, म्हणून वेळ जावा यासाठी त्याच लॅपटॉपवर एक कीर्तनही लावून बसलो.

संध्याकाळी डिस्क लावली. माझी बारी आली. निशाण पडलं, बैल सुटले, एकदम अर्ध्या घाटात दिसले आणि पुढच्या क्षणी दगडापार. मधलं काही दिसलंच नाही. माइकवाला अजून 'निशाण पडलं' असं ओरडतोय आणि माझा गाडा वर पोचून धूळही बसलेली. मोबाइलवर वेळ मोजला. नऊ सेकंद!

मी दिघीला दत्तोबाला फोन लावला. तो मुलाकडे राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळीच आला, डिस्क बघितली आणि शांतपणे म्हणाला, "दाजी, तुमचं बैल पळालं का उडालं?"

मी म्हटलं, तुझ्या पोटात दुखतंय. तो म्हणाला, आता माझी बारी लावा.

त्याची बारी सात सेकंदांत संपली.

तेवढ्यात मला त्या डिस्कमध्ये मोठा दोष दिसू लागला. चित्र तुटतंय, उड्या मारतंय, असली वस्तू पुरावा म्हणून चालणार नाही, असं मी बोलून दाखवलं. दत्तोबाला मात्र इतकं सुरेख चित्र उभ्या जन्मात दिसलं नव्हतं. मी पुन्हा कॅसेट चढवली. दत्तोबा वायरपाशी बसला आणि दर दहा मिनिटांनी ती नीट बसली का हे हलवून बघत राहिला. या खेपेला माझी आठ सेकंद भरली, त्याची दहा. लगेच त्याचे डोळे सुधारले, त्याला दोष दिसू लागला आणि मला दिसेनासा झाला.

विजयश्री घरी आली, तेव्हा आम्ही तिसऱ्या डिस्कवर होतो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं की एका सेकंदात पंचवीस चित्रं असतात. लॅपटॉपला दुसरं काम लावलं की त्याला दम लागतो, मग तो मधली चित्रं गाळतो. जितकी गळली तितके बैल जोरात. "आबा, या रीडिंगवर आमच्याकडं कुणी खिळासुद्धा पास करणार नाही," ती म्हणाली.

तिने व्हीसीआरचं हेड स्पिरिटने पुसलं, लॅपटॉपवरचं बाकी सगळं बंद केलं, वायर नवी लावली आणि आम्हा दोघांना ओट्यावर काढलं. काम संपल्यावर आत बोलावलं, तर दत्तोबाला एकाएकी दिघीची बस आठवली. माझी बायको गवराबाई दारातच उभी होती, म्हणून तो परत बसला.

चित्र लोण्यासारखं चाललं. माझी बारी तेरा सेकंद. त्याची बारी तेरा सेकंद. विजयश्रीने तीनदा मोजलं. म्हणजे घड्याळवाला बिचारा बरोबरच होता.

मग तिने चित्र थांबवलं. दोन्ही जोड्या गुलालाने माखलेल्या, पण आता एकेक शिंग ओळखू येत होतं. माझ्या गाड्याच्या पाखऱ्या बैलाचं डावं शिंग कानाकडे वळलेलं होतं. दत्तोबाच्या गाड्यालाही डावं शिंग कानाकडे वळलेला एक बैल होता.

मी दत्तोबाकडे बघितलं. तो पायाची नखं तपासत होता.

"त्याच्याकडं काय बघताय?" गवराबाई म्हणाली. "त्याचा बैल सकाळीच लंगडला व्हता. तुमी घड्याळवाल्याशी भांडत व्हता तवा मी पाखऱ्या सोडून दिला त्याला. तुमचं भांडण संपायच्या आत परत आणून बांधला बी."

अठ्ठावीस वर्षं ही बाई आमची भांडणं ऐकत भाकऱ्या थापत होती! मी विचारलं, कोणाला विचारून दिलास?

"पाखऱ्या माझ्या बापानं मला दिल्यालं वासरू. नवऱ्याला पळवाया दिलं, मग भावाला न्हाई द्यायचं?"

आम्ही दोघांनीही माना डोलावल्या. अठ्ठावीस वर्षांत आमचं हे दुसरं एकमत.

ज्ञानेशला बोलावलं. एक बैल दोनदा पळवायचा नसतो, म्हणजे ओळ कोरीच ठेवावी लागेल, असं तो चाचरत म्हणाला. तेव्हा विजयश्रीने विषय मिटवला. "दोन्ही रीडिंग सारखी, कारण मशीन एकच. मग नाव मशीनच्या मालकिणीचं लिहा ना."

रविवारी पेंटरने लिहिलं. अक्षर चांगलं ठसठशीत आलं आहे.

गवराबाईला वाचता येत नाही. देवळात गेलो की ती त्या ओळीखाली उभी राहते, पदर सारखा करते आणि मला मोठ्याने वाचायला लावते. मी वाचतो. काल पाय दुखत होते, म्हणून नुसतं नाव वाचून निघालो, तर मागून हाक आली.

"साल बी वाचा की."