उंडो मोडल्याशिवाय खांबावर चढायचं नाही

आमच्या वीज ऑफिसात हजेरी पुस्तकात लागायची ती लागायचीच, पण खरी हजेरी पावावर लागायची. फोरमन विश्रामभाऊ रोज सकाळी पदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, गरम उंडे घेऊन यायचे. उंडो म्हणजे आमच्या गोव्यातला गोल, जाड कवचाचा पाव. ज्या दोघांची जोडी त्या दिवशी लाईनवर जाणार, त्यांना मिळून एकच उंडो. एकाने मोडायचा, अर्धा दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि दोघांनी काहीतरी बोलत बोलत तो खायचा. ज्यांनी उंडो मोडला नाही त्यांना शिडी मिळायची नाही. फोरमनच्या शिव्या मात्र पोटभर मिळायच्या.

मी डिचोलीहून बदली होऊन पेडण्याला ज्युनियर इंजिनियर म्हणून आलो, तेव्हा पहिल्याच सकाळी हा सोहळा बघितला. मला वाटलं, चुकून कुणाच्या तरी नवसाला येऊन बसलो.

"भाऊ, हे काय चाललंय?"

"सायबा, एकटो वर चढता, दुसरो खाली फ्यूज धरून रवता," भाऊ म्हणाले. "वरच्याचो जीव खालच्याच्या हातात. आता माका सांगा, ज्येच्या हातचो पाव नको, त्येच्या हातात जीव कसो देतलो?"

बुटका माणूस. खाकी शर्टाच्या कॉलरला मागे बारा महिने छत्री अडकवलेली. आवाज मात्र मोपाच्या विमानतळावरच्या विमानाने हेवा करावा असा. त्यांना दोन गोष्टींचा मनस्वी तिटकारा होता. एक म्हणजे अबोला आणि दुसरी म्हणजे 'हूं'. "फ्यूज काढलो काय?" या प्रश्नाला कुणी नुसतं "हूं" म्हटलं की भाऊ कडाडायचे, "हूं म्हणजे काय? म्हशीक इचारलंय काय?" मग त्या माणसाला पूर्ण वाक्य बोलावं लागायचं: काय काढलं, कुठला काढला, कुणी काढला. नवीन माणसं हसायची आणि महिन्याभरात स्वतःच्या बायकोलासुद्धा पूर्ण वाक्यात उत्तरं द्यायला लागायची.

अबोल्याचा वास तर त्यांना गॅस गळल्यासारखा यायचा. एकदा आमचा क्लार्क आणि स्टोअरकीपर पंख्याच्या तोंडावरून रुसले. एकाला वारा हवा, दुसऱ्याचे कागद उडतात. भाऊंनी दोघांना लांब शिडी उचलून बाहेर न्यायला सांगितली. दोघे न बोलता निघाले. फाटकापाशी एक डावीकडे वळला, एक उजवीकडे, आणि शिडी फाटकात अशी अडकली की साहेबांची गाडी आत येईना. भाऊ शांतपणे कठड्यावर बसून बघत होते. शेवटी क्लार्क ओरडला, "अरे मागे सर, मागे!" भाऊ उठले आणि म्हणाले, "हां. बोललात मरे. आता पंखो मधी फिरवा."

सगळ्या जोड्यांचं झालं की एक उंडो उरायचा. तो भाऊ स्वतः मोडायचे. अर्धा चहात बुडवून खायचे, अर्धा कागदात गुंडाळून पिशवीत टाकायचे. घरी कुत्रा असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. घरचं ते बोलत नसत आणि आम्ही कुणी विचारत नसू.

हे सगळं गमतीचं वाटायचं. चवथीच्या आदल्या दिवशी गंमत संपली.

आमच्याकडे गणेश चतुर्थीला चवथ म्हणतात, आणि चवथीच्या आदल्या दिवशी लाईट जाणं हा वीजखात्याच्या माणसाला नरकाचा ट्रेलर असतो. दुपारी वारा सुटला आणि मोपाच्या पठाराखालच्या एका गावात आंब्याची फांदी तारांवर पडली. गाव बंद. मूर्ती चित्रशाळेतून आणायच्या, नारळ खवून वाटायचे, गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधायची, आणि हे सगळं काळोखात. बाकीच्या जोड्या दुसरीकडे अडकलेल्या. उरले सदा आणि बाबलो.

आणि या दोघांचा आठवडाभर अबोला होता.

कारण घुमट. मातीच्या मडक्याला चामडं ताणून केलेलं हे वाद्य, त्याच्याशिवाय चवथीच्या आरत्या रंगत नाहीत. सदाचं घुमट बाबलोने सरावाला नेलं आणि फोडलं. बरं, फोडलं तर फोडलं, येऊन सांगावं! तर हा सदा घरी नसताना ते सोप्यावर ठेवून पळाला, फुटकी बाजू भिंतीकडे करून. तेव्हापासून दोघांचं सगळं बोलणं ड्रायव्हर पेद्रूमार्फत. शेजारी शेजारी उभे असायचे आणि सदा म्हणायचा, "पेद्रू, त्येका सांग, पक्कड दी म्हणान." पेद्रू बिचारा सांगायचा. आठवडाभर भाऊंनी त्यांना दोघांत मिळून उंडो दिला नव्हता. दोघांना वेगवेगळ्या जोड्यांत घालून वेळ काढली होती. आज तो मार्ग नव्हता.

आम्ही पोचलो तेव्हा फांदी उतरवून झाली होती. तुटलेली तार लोंबत होती. खांबाभोवती निम्मा गाव जमलेला. रस्त्यापलीकडच्या ट्रान्सफॉर्मरवरून बाबलोने फ्यूज काढले आणि ते हातात धरून उभा राहिला. सदाने पट्टा बांधला. वळणावरच्या गेस्ट हाऊसवर तेवढे जनरेटरचे दिवे झगमगत होते आणि लोक आमच्याकडे आणि त्या दिव्यांकडे आळीपाळीने बघत होते.

"पेद्रू, इचार, फ्यूज काढले काय," सदा म्हणाला.

"सांग, काढले," बाबलो पेद्रूला म्हणाला.

सदाने शिडीला हात घातला. तेवढ्यात भाऊंनी शिडी खांबावरून उतरवली, रस्त्यावर आडवी ठेवली आणि तिच्यावर बसले. खिशातून उंडो काढून पुढे धरला.

"आदी तोंड उघड, मागीर खांबार चढ."

दोघांपैकी एकाचाही हात पुढे आला नाही.

"भाऊ, लोक बघतायत," मी दबक्या आवाजात म्हणालो.

"बघूं देत."

"आरे, पाव कसलो खाताय?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "हय आमचो गणपती काळोखात रवतलो!" एक बाई अर्धवट खवलेला नारळ हातात घेऊनच आली होती. तिने तो माझ्या तोंडापुढे नाचवला. माझा फोन सारखा वाजत होता. वरिष्ठ विचारत होते, किती वेळ? काय सांगणार? फोरमन शिडीवर बसलाय म्हणून? आभाळ उतरत चाललं होतं. अजून थोडा वेळ गेला की उजेड जाणार आणि मग उद्या सकाळपर्यंत कामाचं नाव नको.

मी चिडलो. खरंच चिडलो. "भाऊ, पुरे झाली ही थेरं. फ्यूज त्याच्या हातात दिसतायत. मला दिसतायत, तुम्हाला दिसतायत. शिडी द्या."

"सायब, ऑर्डर लिवन द्या," भाऊ न हलता म्हणाले. "पण आज पेद्रूच्या तोंडान ह्यो वर चढूचो नाय. उद्या पेद्रू पडलो आजारी, तर ह्येंचो जीव कोण सांभाळतलो?"

पेद्रूने छातीवर क्रूस काढला.

गर्दी पुढे सरकली. दोन तरुण पोरं शिडीला हात घालायला आली. आता इथे मारामारी होणार आणि उद्या सगळ्या पेडण्यात आमच्या नावाने आरत्या होणार, असं दिसत होतं. सदाचा चेहरा लाल झाला होता. तो एकदम फिरला, आणि आठवड्यात पहिल्यांदा पेद्रूकडे नाही, तर सरळ बाबलोकडे बघून ओरडला, "माजा घुमट फोडलंस ता फोडलंस, एक शब्द नाय तुझ्या तोंडान?"

"शब्द खंयचो काढू?" बाबलोही पेटला. "लाज वाटली माका!"

"लाज वाटता आणि लपान ठेवन जातंस?"

"लपान काय? काल नवीन घुमट घेवन तुझ्याचकडे येय होतंय मी! वाटेत त्या गेस्ट हाऊसवाल्यान थांबयल्यान. जनरेटर जोडी होतो, सरळ मीटराच्या वायरींक. मी त्येका सांगलंय, असा करू नको, मधी चेंजओव्हर स्विच बसय, नाय तर करंट उलटो लाईनीर..."

बाबलो थांबला.

गर्दीला काही कळलं नाही. आम्हाला कळलं. फ्यूज बाबलोच्या हातात होते, लाईन आमच्या बाजूने बंद होती, आणि वळणावर तो जनरेटर मघापासून धडधडत होता. तो जर तसाच जोडलेला असेल, तर त्याचा करंट उलटा फिरून याच तारेवर येणार होता. ज्या तारेला सदा हात लावणार होता, त्या तारेवर.

भाऊ शिडीवरून उठले. घाईत जीपमध्येच राहिलेला टेस्टर त्यांनी आणला, लांब दांड्याला लावला आणि वर नेऊन तारेला टेकवला.

दिवा पेटला.

लपवायचं कशाला, मी तिथेच जीपच्या पायरीवर बसलो. तार जमिनीला जोडून ठेवायचा दांडा आमच्याकडे होता, पण तो लावायलाही आधी कुणाला तरी वर चढावं लागतं. सदा तारेकडे बघत राहिला. मग कमरेचा पट्टा सोडून खाली ठेवला. नारळवाली बाई मागे सरकली.

पेद्रू आणि भाऊ गेस्ट हाऊसवर गेले. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण भाऊंचा आवाज आमच्यापर्यंत येत होता आणि त्यातलं एकही वाक्य अपूर्ण नव्हतं. जनरेटर बंद पडला. परत येऊन त्यांनी पुन्हा टेस्टर लावला. दिवा पेटला नाही.

मग सदाने स्वतःच उंडो उचलला, मोडला आणि अर्धा बाबलोच्या हातात कोंबला. तो खाताना बाबलो रडत होता आणि सदा त्याला सांगत होता, "नवीन घुमटाचा चामडा बरा ताणलंस मरे? नाय तर परत फोडशीत." भाऊंनी शिडी खांबाला लावली.

"फ्यूज काढले काय रे बाबलो?" सदाने वरून विचारलं.

"काढले! तीनय काढले, मी काढले, माझ्या हातात असत!" बाबलो बोंबलला. सगळा गाव हसला.

दिवेलागणीला एकेक वाडी उजळत गेली. भाऊंची स्वतःची वाडी याच गावात होती, तिचा फ्यूज त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला. तो घालून झाल्यावर मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेलो. एकच लांब घर, पुढे एकच सोपा, पण मध्ये कंबरभर कठडा घालून दोन भाग केलेले. दोन दारं, दोन तुळशी. पलीकडच्या दारात नुकताच उजेड आला होता. भाऊंची बाजू अजून काळोखात होती. त्यांनी बटण लावलं नव्हतं. पिशवीतून कागदाची पुडी काढून त्यांनी कठड्याच्या पलीकडच्या कडेवर ठेवली.

"कुत्र्याला?" मी विचारलं.

"दादाक." भाऊ हळू बोलले. त्यांना हळू बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. "बापूस गेलो त्या वर्षा गणपतीचो पाट कोणी धरूचो, ह्येच्यार बोलणा झाला. तेच्यानंतर बोलणा नाय. आता एका घरात दोन गणपती."

"ते खातात हा पाव?"

"सकाळी कावळे खातत."

"मग तुम्हीच बोला ना आधी. आम्हाला रोज सांगता."

"तुमका सांगणा सोपा, सायबा. हय इल्यार तोंड उघडना नाय." त्यांनी छत्री कॉलरमधून काढली आणि उगाचच पुन्हा अडकवली. मला त्या माणसाची फार दया आली.

तेवढ्यात पलीकडच्या दारात सावली आली. म्हातारा आवाज होता, पण जात तीच, विमानाने हेवा करावा अशी.

"विश्राम, तुझ्याकडे लायट इली नाय काय रे?"

भाऊंनी सोप्याचा खांब धरला. ओठ हलले. मग जे बाहेर पडलं ते एवढंच होतं.

"हूं."

"हूं म्हणजे काय?" म्हातारा कडाडला. "म्हशीक इचारलंय काय?"

ते वाक्य आमच्या ऑफिसचं नव्हतंच तर. ते या घरातलं होतं, बहुतेक त्या गेलेल्या बापाचं.

"इली, दादा," भाऊ म्हणाले. "लायट इली. मी बटन दाबूक नाय अजून."

"मगे दाब, आणि हय ये. माटोळी एकट्याक धरूक जमणा नाय."

मी जीपकडे वळलो. मागे कठड्यावरची कागदाची पुडी कुणीतरी उलगडत होतं.