शिबिराशी सोयरीक

माणूस पारखण्यात आपला हात धरणारा अख्ख्या सुलतान बाजारात नाही, असं हिम्मतराव स्वतःच सांगत. नात्यात कुणाचं लग्न निघालं की स्थळाची चौकशी त्यांच्याकडे येई, आणि आजवर त्यांनी अकरा स्थळं मोडली होती.

ते पंचाण्णव साल होतं. हैदराबादेत रोज नवा क्लास निघत होता, नवी कंपनी उघडत होती आणि हिम्मतराव रोज एकाला तरी ठग ठरवत होते. अशात त्यांच्या प्रणिताची, नववी झालेल्या एकुलत्या एक लेकीची, कुकटपल्लीच्या गणित शिबिरात निवड झाली. नऊशे मुलांतून तीस. महिनाभर शिकवणार, दुपारचं जेवण देणार, आणि सगळं फुकट.

"फुकट?" हिम्मतरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "का म्हणून?"

"मी परीक्षेत नंबर काढला म्हणून," प्रणिता म्हणाली. "बाबा, शनिवारपर्यंत तुमची सही हवी. नाहीतर माझी जागा दुसऱ्याला जाईल."

"आधी चौकशी. मग सही."

त्रिवेणीबाईंनी देवाला हात जोडले, कारण नवऱ्याला चौकशीची एकच रीत ठाऊक होती.

शिबीर घेणाऱ्या वसुंधरा मॅडम जिथं राहत, त्या गल्लीत हिम्मतराव गेले आणि कोपऱ्यावरच्या पानवाल्याला गाठलं. "घराना कैसा है जी? लडकी का मिजाज? बाप कू पीने की आदत तो नहीं?" मग किराणावाला झाला, मग इस्त्रीवाला. "आप कौन जी?" असं त्यानं विचारल्यावर यांनी ऐटीत नाव आणि पत्ताही दिला. सगळ्यांनी चांगलंच सांगितलं. सगळेच चांगलं सांगतात म्हणजे नक्की पढवून ठेवलेत! हिम्मतराव दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

शुक्रवारी संध्याकाळी दारात ऑटो थांबली. स्वच्छ धोतर नेसलेले एक गृहस्थ मिठाईचा पुडा घेऊन उतरले.

"मैं नरसिंहम्. वसुंधरा का बाप. आप दो दिन से पूछताछ कर रहे, बहोत खुशी हुई. लडका कहाँ है?"

"कौन लडका?"

"दूल्हा."

हिम्मतराव प्रणिताकडे बघू लागले. शेवटी प्रणितानंच सगळं सांगितलं. "गुंटूर में सब रिश्तेदारों कू खबर भेज दिया मैं," नरसिंहम् एवढंच म्हणाले आणि पुडा उचलून निघून गेले.

"गेली माझी जागा," प्रणिता म्हणाली आणि रात्री जेवलीच नाही. तिचे सुजलेले डोळे पाहून हिम्मतरावांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचाच संशय आला. फार वाईट वाटलं त्यांना.

शनिवारी सही केलेला फॉर्म घेऊन बापलेक मॅडमच्या टेबलापुढे उभे राहिले. मॅडमनी फॉर्म दोनदा वाचला, हिम्मतरावांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"सीट बच्ची की है. पेपर लिख के ली उसने," त्या म्हणाल्या. "मगर एक शर्त है. छोडने कू इसकी माँ आना. आप गेट तक भी नक्को."

हिम्मतराव तोंड उघडणार, तोच प्रणिता म्हणाली, "मॅडम, ये शर्त तो मैं ही डालनेवाली थी."