पार्लस माळा

"सूनबाई, 'धोका' कोण वाचतं? 'धोका' लिहिलेल्या खांबाला टेकून लोक तासतासभर गप्पा छाटतात! शब्द असा हवा, की माणूस जागच्या जागी थबकला पाहिजे!"

असं म्हणत मामंजींनी खडू उचलला. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेला हात. वाचनालयाच्या फळ्यावर झोकदार अक्षरं उमटली: 'माळा पार्लस आहे.'

सुतार सकाळीच बजावून गेला होता, "तुळई किडलीय. उद्या बदलतो. तोवर वर दोघांच्या वर माणूस नको." चारला तपासनीस साहेब येणार होते. माळा हलताना दिसला, तर वाचनालयाला कुलूप आणि ग्रंथपाल सूनबाई घरी!

शब्दाने काम चोख केलं. येणारा प्रत्येक जण थबकला. मग शिंपीकाका म्हणाले, "पार्लस म्हणजे काय बुवा?"

"बघू की! कोश आहे ना!"

कोश होता माळ्यावर.

शिंपीकाका चढले. मागून नर्सबाई, पोस्टमन, दोन पेन्शनर, एक नवपरिणीत जोडपं. सात डोकी एका कोशावर वाकली. तुळई कण्हली.

"खाली उतरा!" सूनबाई किंचाळल्या.

"थांबा हो, इंग्रजी 'पी' आत्ताच लागलाय!"

"अहो, पार्लस म्हणजे धोकादायक!" मामंजी खालून गरजले. "इंग्रजीतला मूळ शब्द पेरिलस! पेरिल म्हणजे संकट. पण माणसांच्या तोंडात घोळून घोळून, नदीतल्या गोट्यासारखा झिजला आणि झाला पार्लस!"

"वा! आणि पेरिल कुठून आला?" वरून पोस्टमनने विचारलं.

झालं! निरूपणाला असा श्रोता मिळाल्यावर मामंजी थांबतात होय? "लॅटिनमधून! थांबा, दाखवतोच!" म्हणत ते तरातरा चढले. आठवे.

कड्‌ड्!

माळा वीतभर खचला. देवाचं नाव घेत एकेक जण मांजराच्या पावलांनी उतरला. सगळ्यांत शेवटी मामंजी, तान्ह्या बाळासारखा कोश छातीशी धरून.

"मामंजी!" सूनबाईंचे डोळे भरून आले. "तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?"

"चुकलो गं, पोरी."

तेवढ्यात दारात साहेब! त्यांनी फळा वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. चेहरा खुलला.

"पार्लस? नवीनच दिसतोय! कोश वर असेल, नाही?" आणि त्यांनी माळ्याच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"खाली आहे!" नऊ तोंडांतून एकच गजर उठला.