नाकाला लागणारा डोंगर

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. आता मेश्राम नाही, आणि माझंही वय झालं. तेव्हा लिहून टाकतो.

कचेरीतला माझा सोबती मेश्राम टपरीवर चहाचे दोन सारखे कप शेजारी ठेवायचा आणि डोळे सैल सोडून बघत बसायचा. मग हळूच म्हणायचा, "आले. तीन झाले. मधला मी घेतो."

टपरीवाला म्हणायचा, "मेश्रामभाऊ, तुमी मधला प्या, बाकीचे दोन मी धुऊन ठेवतो."

ऐंशीच्या दशकात चंद्रपूरला आमची नकाशांची कचेरी होती. विमानातून काढलेल्या फोटोंवरून गडचिरोलीकडच्या जंगलाचे चढउतार मांडायचे. एकाच जागेचे, थोडं सरकून घेतलेले दोन फोटो स्टीरिओस्कोपखाली लावायचे. डावा डोळा एक पाहतो, उजवा दुसरा, आणि कागदातून डोंगर उठतो. मेश्रामला यंत्रही लागायचं नाही. मध्येच तो खुर्चीसकट मागे सरकायचा, "हट बे, नाकाले लागून राह्यला!" त्यानं सांगितलेला उतार साहेब पुन्हा तपासतही नसत. डब्यातला भातसुद्धा त्याला "पाच अंश कलला" दिसायचा.

मला काहीच उठून दिसायचं नाही. लहानपणी माझा डावा डोळा तिरळा होता. ऑपरेशननं तो सरळ झाला, पण पाहायचं काम एकटा उजवाच करी. मी यंत्राला डोळे लावून "वा, काय डोंगर!" म्हणायचो आणि मेश्रामच्या कागदावरून उतार उतरवून घ्यायचो. त्याचं ते दचकून मागे सरकणं बघितलं की मी जळायचो.

डेहराडूनच्या प्रशिक्षणाला आम्हा दोघांतून एकालाच पाठवणार होते. निवड करायला नागपूरहून मोठे साहेब आले. मेश्रामनं फोटो लावले. "भाऊ, जरा काच पुसून ठेव," म्हणून तो साहेबांना आणायला फाटकाकडे गेला. त्यानंच मला शिकवलं होतं, "फोटोची अदलाबदल झाली का डोंगराचा खड्डा होते अन् खड्ड्याचा डोंगर."

मी काच पुसली. डावा फोटो उजवीकडे ठेवला, उजवा डावीकडे.

साहेबांनी डोळे लावले. "अहो मेश्राम, तुमचा नाला डोंगराच्या शेंडीवरून वाहतोय!"

सगळे हसले. मीही हसलो.

मेश्रामनं वाकून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "साहेब, मीच उलटे लावले," तो म्हणाला.

माझी निवड झाली.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला बाजूला घेतलं. "तुले दोन डोळ्यानं दिसत नाई, हे मले पयल्या महिन्यातच समजलं. कोणाले सांगतलं नाई. काच पुसताना फोटो उचलले असन तू. उलटे पडले हे तुले कसं समजन? मी बोललो असतो तं तुई नोकरी गेली असती."

मग आठ दिवस तो मला शिकवत बसला. "सावली पाह. उताराकडं पडली का लांबते, चढाकडं पडली का आखडते. एका डोळ्यालेही जमीन समजते, भाऊ."

'मी मुद्दाम उलटे लावले' हे वाक्य रोज माझ्या ओठांवर यायचं. निघायच्या दिवशी मी म्हणालो, "मेश्राम, त्या दिवशी ते फोटो..."

"सोड ना बे. होते चूक."

मी म्हणालो, "हो. चूकच झाली."