बाहेरचा पंखा

एअर कंडिशनरचे दोन भाग असतात. एक घरातला, जो फक्त घरच्यांना गार करतो; आणि दुसरा बाहेरचा, जो समाजाला दिसतो. यातला महत्त्वाचा कुठला, याबद्दल बेसा परिसरातल्या सुज्ञ नागरिकांत दुमत नाही.

वैभव हेडाऊ हा बुटीबोरीच्या सूतगिरणीत सुपरवायझर आणि आपल्या इमारतीचा सचिव. गेल्या जानेवारीत त्याने पुढाकार घेऊन ठराव क्रमांक सात मंजूर करवला: खिडकीत कूलर बसवल्याने इमारतीच्या दर्शनी शोभेस बाधा येते, सबब मनाई. ठराव एकमताने झाला. (जानेवारीत कूलरची बाजू घ्यायला कोण उभं राहतं?)

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पारा शेहेचाळीसवर गेला आणि वैभवचा एसी बंद पडला. एसी होता वडिलांच्या खोलीत. नत्थूजींनी चाळीस वर्षं हातमागावर काढलेली. आता वय अठ्ठ्याहत्तर, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, आणि उन्हाळ्यात जपा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. वैभवचा वडिलांवर जीव होता, यात शंका नाही. म्हणूनच त्याने त्याच दिवशी मेकॅनिक बोलावला.

भूपेश मेकॅनिकने दोन्ही भाग उघडून पाहिले. "बोर्ड जळला साहेब, आन् बाहेरच्या पंख्याची मोटर बी. मोटर आजच भेटते. बोर्ड कंपनीतून येईन, तीन हप्ते धरा."

"मंग मोटर टाकून दे ना गा."

"बोर्डाशिवाय थंड नाही होणार."

"पंखा फिरन तर ना?"

अशा रीतीने दुरुस्ती पन्नास टक्के यशस्वी झाली. भूपेशने पंखा थेट बटणावर जोडून दिला. सकाळी नऊ ते रात्री अकरा तो फिरू लागला आणि सचिवांच्या घरी गारवा असल्याची खात्री खालून जाणाऱ्या प्रत्येकाला पटू लागली. खिडक्याही बंद ठेवण्यात आल्या. (एसी चालू असताना खिडकी उघडी ठेवणं शास्त्राला धरून नाही.)

"गच्चीवर टाकलेला आपला कूलर उतरव ना गा," चौथ्या दिवशी नत्थूजी म्हणाले. "जीव घाबरून राहिला माहा."

"पार्ट निघाला बाबा तिकडून. अन् ठराव माहाच हाये. लोकं काय म्हणतीन?"

"लोकाईले बी गरम होऊनच राहिलं असन."

वैभवला हे पटलं नाही. आजूबाजूच्या फ्लॅटची आठही युनिटं फिरताना त्याला रोज दिसत होती.

सहाव्या दिवशी दुपारी नत्थूजी पलंगावरून उठताना कोसळले. वैभवने त्यांना उचलून गाडीत घातलं. दवाखान्यात सलाईन लागलं. शेजारच्या दोन खाटांवर त्याच इमारतीतल्या पार्वतीबाई आणि चंपतराव होते. दोघांनाही सलाईन, दोघांच्याही घरचं बाहेरचं युनिट अखंड चालू. डॉक्टरांनी तिन्ही कागदांवर 'उष्माघात' असं लिहिलं.

"एसीची सवय नाही ना त्याईले," चंपतरावांची सून गोपिका म्हणाली. "थंडी बाधली, वैभवभाऊ."

"आमच्या बाबाले बी," वैभव म्हणाला. त्याला रडू येत होतं, तरी तो हेच म्हणाला.

युनिटातून गरम झोत येतो की नुसतंच वारं, हे समोर हात धरून कुणालाही तपासता येतं. हे वाचून आपणही आज शेजाऱ्याच्या युनिटपुढे हात धरून पाहाल. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या कपाळावर हात ठेवून पाहणं त्याहून सोपं आहे. पण ते कपाळ रस्त्यावरून दिसत नाही.