कोरडा टीव्ही

टीव्ही घ्यायला आलेला माणूस आधी चित्र बघतो. हणमंतकाका पहिल्यांदा आमच्या दुकानात आले तेव्हा त्यांनी टीव्हीच्या मागे कोपरापर्यंत हात घातला, डोळे मिटले आणि बराच वेळ काहीतरी चाचपत राहिले. मला वाटलं, पाल-बिल निघाली असेल. मग त्यांनी हात बाहेर काढला, बोटं एकमेकांवर चोळून बघितली आणि विचारलं, "याच्यात ओल किती हाये, भाऊ?"

आदिलाबादला स्टेशनच्या रस्त्यावर माझं टीव्ही-फ्रिजचं दुकान आहे. गिऱ्हाईक मराठीत विचारतं, तेलुगूत विचारतं, उर्दूत विचारतं, पण प्रश्न तेच. हप्ते बसतील का, भिंतीवर तुम्हीच लावून देता का. ओल किती, असं कुणी विचारलं नव्हतं. माझा माल पावसात भिजलेला नाही, हे मी देवाची शपथ घेऊन सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. अशा शपथा त्यांनी आयुष्यभर ऐकल्या असाव्यात असा त्यांचा चेहरा होता.

आणि ते खरंच होतं. काका कापूस मार्केटात प्रतवारी करायचे. गाडी उभी राहिली की वरचा कापूस बाजूला सारून हात थेट बुडाशी घालायचे, मूठभर कापूस काढायचे, अंगठ्यात धरून धागा ओढायचे आणि ओल सांगायचे. मशीन नंतर आली. ती काकांच्या आकड्याला दुजोरा द्यायला आली असं मार्केटात अजून म्हणतात. "वरचा कापूस सगळ्याइचाच पांढरा असते," हे त्यांचं आवडतं वाक्य. कुणाच्या जावयाची निवड असो की पेपरातली जाहिरात, ते हे वाक्य कुठेही लावत. एकदा त्यांनी सख्ख्या मेहुण्याची गाडी ओली म्हणून खालच्या प्रतीत टाकली. मेहुणा दोन वर्षं घरी आला नाही, आणि काकू दोन वर्षं माहेरी गेल्या नाहीत. काकांनी प्रत वाढवून दिली नाही ती नाहीच.

आता रिटायर झाल्यावर हा माणूस गेम खेळायला योग्य टीव्ही शोधत फिरत होता. मार्केटातली नमुन्याची जुनी कापडी पिशवी खांद्याला, आणि तिच्यात दुपट्ट्यात गुंडाळलेला गेमचा डबा. तान्ह्या लेकराला बाहेर काढावं तसा तो डबा काढायचे. हैदराबादला असलेल्या त्यांच्या मुलीने स्वतःचा जुना पाठवून दिला होता. त्यावर एकच खेळ चालायचा: एक कोंबडा धावतो, पुढे खड्डा येतो, बटण दाबलं की कोंबड्याने उडी मारायची.

"बटन दाबलं का कोंबडा उडाला पाह्यजे," काकांनी मला समजावलं. "मधात जो टाइम जाते, ते ओल. ते टीव्हीची असते. गेमची नाई अन् मानसाची बी नाई."

ही ओल मोजायची त्यांची रीतही पक्की होती. माझ्या टेबलावर स्टीलचा जेवणाचा डबा पालथा घालायचा, त्याला मोबाइल टेकवायचा, आणि स्वतःचा अंगठा आणि पडदा एकाच चौकटीत घेऊन संथ व्हिडिओ काढायचा. मग तो एकेक चित्र पुढे सरकवत, अंगठा खाली गेल्यापासून कोंबडा वर उठेपर्यंतची चित्रं बोटांच्या पेरांवर मोजायची. तीस म्हणजे चिंब. वीस म्हणजे ओला. दहाच्या आत आला तर बघू.

दुकानातल्या टीव्हींवर कंपनीचा नमुना चालू असतो. लाल-हिरवे पोपट, धबधबे, हळू हळू कापलं जाणारं कलिंगड. माणसं त्यालाच भुलतात आणि आमचं पोट चालतं. काका म्हणायचे, "हा वरचा कापूस. बंद कर." मग सेटिंगच्या आत शिरून जे जे चित्र गुळगुळीत करतं ते सगळं बंद करायचे. त्यांचं म्हणणं, टीव्ही चित्राला लोणी लावत बसतो आणि तोवर कोंबडा खड्ड्यात जातो. मग गेमची सेटिंग शोधायची, मग मागची भोकं तपासायची, कारण काही टीव्हींना तिन्ही वायरींची भोकं सारखीच दिसतात पण गेमसाठी चांगलं त्यातलं एकच असतं. पहिल्या दिवशी ते मागे हात घालून हेच चाचपत होते.

आमच्या दुकानात लावण्या काम करते. ती मंचिर्यालची, घरी तेलुगू, माझ्याशी मोडकं मराठी. तेलुगूत ओलीला तेमा म्हणतात आणि आजोबाला तात, म्हणून तिने काकांचं नाव 'तेमा तात' ठेवलं. ते आले की ती स्वतःहून जेवणाचा डबा पालथा घालून ठेवायची. मला मात्र एवढं कौतुक नव्हतं, कारण ज्या दिवशी मुधोळचा एक शेतकरी दुकानातला सगळ्यात मोठा टीव्ही जवळजवळ पक्का करून उभा होता, त्या दिवशी काका मागून मोठ्याने म्हणाले, "त्याच्यात ओल लय हाये."

शेतकऱ्याने टीव्हीच्या पाठीवरून हात फिरवला, तो हात हुंगला आणि निघून गेला.

मी चिडलो. काकांना बाजूला घेऊन सांगितलं की माझ्या दुकानात ओल हा शब्द काढायचा नाही. काय असेल ते उशीर म्हणा. काका पडले शिस्तीचे. दुसऱ्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक पैसे काढत असताना ते अगदी हळू, माझ्या भल्यासाठी, म्हणाले, "भाऊ, या टीव्हीले उशीर हाये." गिऱ्हाइकाने पैसे परत खिशात ठेवले. त्याला टीव्ही त्याच दिवशी घरी हवा होता.

त्यानंतर मी काकांशी बोलणंच थांबवलं असतं. पण लावण्याने त्यांना विचारलं, तात, घरी कोण खेळतं. काका डबा दुपट्ट्यात गुंडाळत होते. ते थांबले.

"हाये घरी एक जन. बटन ठेवून देल्लं. म्हनते, माह्यानं होत नाई, कोंबडा दर येळी पडते." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "घरचा टीव्ही म्या मोजला. तीस निंगाली. तवापासून सांगून राह्यलो का दोष टीव्हीचा हाये, तुहा नाई. पन पटत नाई ना. कोरडा टीव्ही नेला तर पुन्ना हातात घेईल. नाई त मंग घेतच नाई."

आम्हाला वाटलं, नातू असेल, किंवा नात. रुसून बसलेल्या लेकरासाठी म्हातारा इतक्या चकरा मारतो म्हटल्यावर माझा राग निम्मा उतरला. मी गोदामातलेही टीव्ही काढून दाखवू लागलो. बारा आली, सतरा आली. एका महागड्या टीव्हीची पंचवीस आली तेव्हा मलाच शरमल्यासारखं झालं. शेवटी कोपऱ्यात धूळ खात पडलेला एक मध्यम टीव्ही लागला, ज्याला पोपट लावायचंही आमच्या मनात आलं नव्हतं. काकांनी मोजलं. पाच. पुन्हा मोजलं. पाच. लावण्याला मोजायला लावलं, तिने तेलुगूत मोजलं, तरी पाचच.

"कोरडा हाये," काका म्हणाले आणि तिथेच स्टुलावर बसले.

टीव्ही लावणारा माणूस इंद्रवेल्लीला गेला होता, म्हणून दुपारी काकांच्या घरी मीच गेलो. बैठकीच्या खोलीत खिडकीशी काकू खुर्चीत बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर होता, कुणी दुसऱ्याने तिथे ठेवून दिल्यासारखा. घरात दुसरं कुणी नव्हतं. नातू नव्हता, नात नव्हती. मुलीचं लग्नच झालेलं नव्हतं.

काकूंना मागच्या वर्षी लकवा झाला होता. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बोटं हलती ठेवायला सांगितलं होतं, आणि मुलीने तो गेम त्यासाठी पाठवला होता. काकू बटण दाबायच्या, कोंबडा पडायचा. महिनाभर पडला. मग एक दिवस त्या म्हणाल्या, माहा हात मेला, आता मले काही करा लावू नका. आणि व्यायामही सोडला.

मी टीव्ही लावला. काकांनी गेमचा डबा जोडला. हातात धरायच्या यंत्राच्या बटणावर कापसाची छोटी गादी शिवून चिकटवलेली होती, अंगठा घसरू नये म्हणून. त्यांनी ते यंत्र काकूंच्या हातात दिलं आणि उजवा अंगठा उचलून गादीवर ठेवला. काकू माझ्याकडे बघून ओशाळल्या. मी वायर गुंडाळायचं काम काढलं.

कोंबडा पडला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा खड्डा आला, काकूंचा अंगठा खाली गेला आणि कोंबडा उडाला. अगदी कडेकडेने, पण पलीकडे गेला. काकू हसल्या. तोंडाची एकच बाजू हसली. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

आणखी दोनदा उडाला. मग काकूंनी यंत्र मांडीवर ठेवलं आणि सरळ विचारलं, "टीव्हीची पाच हाये म्हंता. आन माह्या हाताची ओल किती? मोजा बरं."

काकांनी सवयीने मोबाइल लावला होताच. आता अंगठ्यापासून नव्हे, खड्डा दिसल्यापासून अंगठा खाली जाईपर्यंत मोजायचं होतं. काका काकूंच्या शेजारी बसले, व्हिडिओ एकेक चित्र पुढे सरकवू लागले आणि मोठ्याने मोजू लागले. मी मागे उभा होतो, मलाही दिसत होतं. दहा झाली. पंधरा झाली. वीस झाली. अंगठा जागचा हलला नव्हता, हलायला अजून पुष्कळ चित्रं जायची होती.

काकांनी मोबाइल बंद केला. "वीस," ते म्हणाले. "मांगं साठ होती. वाळून राह्यली तू."

काकूंनी विश्वास ठेवला. का ठेवू नये? ज्याने त्यांच्या सख्ख्या भावाला सोडलं नव्हतं, तो माणूस सांगत होता. त्यांनी यंत्र पुन्हा उचललं. या वेळी अंगठा गादीवर त्यांनी स्वतः ठेवला.

काका मला फाटकापर्यंत पोचवायला आले. आतून बटणाचा आवाज येत होता. टक, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक. काकांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं.

"भाऊ, तुमी पाह्यलं ना," ते म्हणाले. "मार्केटात कोनाले सांगू नका. आज म्या वरचाच कापूस दाखवला."