बस्त्यावकाका आणि संताचं कापड

बस्त्यावकाका चर्चमध्ये प्रवचन चालू असताना हात वर करतात. शाळेतल्या मुलासारखा, कोपर सरळ ठेवून. लोणावळ्यात आजवर चार फादर येऊन बदलून गेले, आणि प्रत्येक जण पहिल्याच महिन्यात शिकला की उजवीकडच्या तिसऱ्या बाकाकडे बघायचं नाही. मी ख्रिश्चन नाही, नाताळला केक खायला जाते तेवढीच. पण तो हात मी स्वतः पाहिला आहे. फादर बेथलेहेमच्या ताऱ्याबद्दल बोलत होते आणि काकांना ताऱ्याचं टायमिंग हवं होतं.

नाव पोर्तुगीज आणि बोली मावळी. जन्म खंडाळ्याच्या रेल्वे क्वार्टरमधला, खेळायला आसपासच्या वाड्यांतली पोरं, त्यामुळे येशूचा 'जेझू' आणि मावळी 'न्हाई' एकाच वाक्यात येतात. नोकरी मालगाडीवर गार्डाची केली. पुढच्या स्टेशनाने 'लाइन क्लिअर' दिल्याशिवाय गाडी हलत नाही, हा रेल्वेचा नियम. निवृत्तीनंतर काकांनी तो सगळ्या जगाला लावला. भाजीवाली म्हणाली, मेथी आत्ताच कामशेतहून आलीये, की काका म्हणणार, "लाइन क्लिअर दाखव." उर्स्याजवळच्या कुणा बाबांच्या अंगाऱ्याने गुडघेदुखी जाते हे ऐकून ते स्वतः एसटीने जाऊन आले आणि एवढंच म्हणाले, "बाबाच्याच गुडघ्याला पट्टा हाय."

तरी माणूस नास्तिक नाही. रविवारची मिसा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, कधी चुकली नाही. "देवाकडं मी कागद मागत न्हाई, टीचर. पण त्याच्या नावानं कोण काय दाखवंल, त्याच्याकडं मागणार."

त्यांचा सर्वांत लाडका विषय म्हणजे इटलीत ट्यूरिनला जपून ठेवलेलं कफन. येशूचा देह त्यात गुंडाळला होता असं मानतात. शास्त्रज्ञांनी कार्बन चाचणी करून ते मध्ययुगातलं ठरवलं, तर मानणारे म्हणाले, तुम्ही नेमका नंतर लावलेल्या ठिगळाचा तुकडा तपासलात. काका दोन्ही बाजू अशा रंगवून सांगत की ऐकणाऱ्याची भाजी करपायची. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, शेजारीच राहते, म्हणून न्यायाधीश मी. आणि खरं सांगते, मला ते पद फार आवडायचं.

कारण तसलंच एक प्रकरण काकांच्या घरात होतं. त्यांची बायको, फिलूमावशी, पोलक्याच्या आत एक लहानशी कापडी पुडी पिनेने टोचून ठेवायची. आत काड्यापेटीएवढा पांढरा तुकडा. गोव्याच्या संताचं कापड, एवढंच ती सांगे.

"चारशे वर्षांपूर्वीचा मानूस, आन् कापड एवढं पांढरं?" काका तीस वर्षं विचारत होते.

"तुमाला काय करायचंय?" मावशी तीस वर्षं म्हणत होती.

मी एकदा मधे तोंड घातलं. म्हटलं, मावशी, एक धागा द्या, दोन मिनिटांत सांगते. तिने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "टीचर, तुमी पोरांचे पेपर तपासा."

मागच्या वर्षी मावशी गेली. महिन्याभराने काका ती पुडी घेऊन माझ्या दारात उभे राहिले. पुडी माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "करा तपास. अख्खं घ्या. झालं की टाकून द्या, घरात डोळ्यापुढं नको." मला तेव्हा त्यांचा चेहरा बघायचं सुचलं नाही. तीस वर्षांच्या खटल्याचा निकाल माझ्या हातून लागणार, याच आनंदात मी होते.

मी काय केलं ते लिहायला आजही जीवावर येतं. मी ते कापड वर्गात नेलं. श्रद्धा आणि विज्ञान यावर दहा मिनिटं भाषण ठोकलं, आणि धाग्याच्या ज्वलनाची चाचणी म्हणून एकेक पट्टी मुलांकडून जाळून घेतली. कागद जळल्याचा वास आला, म्हणजे सुती. टोकाला कडक काळा मणी झाला, म्हणजे पॉलिस्टर. दोन्ही मिळून टेरिकॉट! संताच्या काळात टेरिकॉट कुठलं? वर्ग हसला. उरलेलं कचऱ्यात गेलं.

संध्याकाळी मी काकांच्या घरी जाऊन निकाल सांगितला. ते म्हणाले, "मी सांगत व्हतो ना." पण जिंकल्यासारखे दिसले नाहीत.

त्यांची मेहुणी आंजेलिन चार दिवस राहायला आली होती. ती आतून हात पुसत बाहेर आली. "टेरिकॉटच असणार की, भावोजी. तुमच्या गार्डाच्या शर्टाचं हाय ते."

मग तिने सगळं सांगितलं. फार वर्षांपूर्वी काका ब्रेकव्हॅनमधून, मालगाडीच्या शेवटच्या गार्डाच्या डब्यातून, पडले आणि बेशुद्ध होते, तेव्हा मावशीने त्यांचा पांढरा शर्ट कापला, गोव्याला गेली आणि तो तुकडा संताचा देह ठेवलेल्या पेटीला टेकवून आणला. असं टेकवलेलं कापडही त्यांच्यात पवित्र मानतात. कापड संताने घातलेलं आहे, असं ती कधी म्हणालीच नव्हती. ते आम्ही ठरवलं होतं.

"शुद्धीवर आलो तर ही न्हाई. मला वाटलं, मी मरायला टेकलोय आन् ही म्हायेरी गेली," काका म्हणाले. "लय बोललो मी तिला त्यावरून. सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तुमी हसला असता," आंजेलिन म्हणाली.

काकांनी खुर्ची माझ्याकडे ओढली. मग मला विचारलं, "टीचर, राहिलंय का काय त्यातलं?"

मी नाही म्हणाले. जाळलं, आणि उरलेलं टाकलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती मान हलवली. टाका म्हणून त्यांनीच सांगितलं होतं.

"तुमी भिंगातून बघितलं असंल ना नीट? शाईचा डाग व्हता का वो त्याला? खिशाचा तुकडा असंल तर असणार. माझं पेन गळायचं, ती रोज वरडायची."

मी भिंगातून नीट पाहिलं होतं. दोन्ही बाजू, कडासुद्धा. डाग नव्हता.

"होता," मी म्हणाले. "एका कोपऱ्यात. बारीकसा."

"निळा?"

"निळा."

"मग खिशाचाच," काका म्हणाले. त्यांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला आणि पुढे काही विचारलं नाही.